मामाची जीप आणि विमानाचं रॉकेट

श्रोतेहो, नमस्कार. उजळाईवाडीच्या विमानतळावर कुणाला सोडायला गेला असाल, तर पाहिलं असेल. विमान धावपट्टीच्या टोकाला जाऊन उभं राहतं, घोंगावतं आणि मग सुटतं. सगळा जोर त्या अर्ध्या मिनिटाचा. पुन्हा सांगतो, जोर लागतो तो निघताना.

आता गाव उंचावरचं आणि वेळ भर दुपारची असेल, तर हवा विरळ होते. पंखांना आधार कमी, इंजिनालाही हवा कमी. मग विमान लांबपर्यंत पळतच राहतं आणि धावपट्टी संपत येते. अशा ठिकाणी प्रवासी विमानाला चक्क रॉकेट लावायचं, ही कल्पना एकेकाळी कागदावरून प्रत्यक्षात उतरली होती.

हे वाचलं तेव्हा मला जोतिबाचा चढ आठवला. मी नववीत होतो. खेट्याचा, म्हणजे जोतिबाच्या वारीचा, रविवार. आजी आदल्या रात्रीपासून बजावत होती, "खेटा चालत करायचा असतो रं, गाडीनं न्हाई." पण मामानं नुकतीच जुनी जीप घेतलेली. बसायची जागा नऊ जणांची, आत आम्ही सोळा. वर नारळाचं पोतं आणि जेवणाचे डबे. आजीलाही उचलून पुढं बसवलं.

निम्म्या चढावर, एका वळणावर, जीप धापा टाकून बंद पडली. मामानं ब्रेक दाबून धरला आणि ओरडला, "उतरा रं तिघं-चौघं, चाकाला दगुड लावा!" मी, आत्याचा दादा आणि शेजारचे बापू उतरलो. वजन कमी करायला बाकीचेही उतरतील असं वाटलं होतं, पण कुणी हललं नाही. मामानं इंजिन सुरू केलं, आम्ही पाठीला खांदा लावला, बापूंनी आरोळी दिली, "चांगभलंऽऽ!" आणि जीप हलली की हो! काळ्या धुराचा लोट तोंडावर, माझी एक चप्पल गटारात. आम्ही दहा-पंधरा सेकंद जीव खाऊन ढकललं आणि मग गाडीनं आपला वेग धरला. आम्ही मागनं पळतोय, मामा थांबेल म्हणून. त्यानं खिडकीतनं हात बाहेर काढला. "थांबलो तर परत चढायची न्हाई! या चालत!" आणि वळणाआड दिसेनासा झाला.

   

तर आम्ही तिघं म्हणजे ते रॉकेट. अमेरिकेत एरोजेट कंपनीच्या एका रॉकेटचं नावच होतं १५केएस-१०००, म्हणजे पंधरा सेकंद आणि हजार पौंडांचा रेटा. तिकडं १९४१ मध्ये होमर बुशी यांनी एरकूप नावाच्या चिमुकल्या विमानाला रॉकेटं बांधून ते उडवलं होतं. रॉकेट म्हटलं की त्या काळी लोक हसत, म्हणून नाव ठेवलं जेट-असिस्टेड टेक-ऑफ, जाटो. पुढं १९५१ मध्ये इंग्लंडात कॉमेट या पहिल्या प्रवासी जेट विमानावर स्प्राइट नावाची रॉकेटं लावून चाचण्या झाल्या. इंधन कुठलं? हायड्रोजन पेरॉक्साइड! जखमेवर घातलं की फसफसतं ना, तेच, पण फार तीव्र. त्याची तापलेली वाफ आणि ऑक्सिजन होऊन जोरात बाहेर पडतो. विमानाची स्वतःची इंजिनं पुरेशी ठरली आणि ती रॉकेटं प्रवासी सेवेत आलीच नाहीत.

मेक्सिकोतल्या मेक्सिकाना विमान कंपनीच्या बोईंग ७२७ विमानांवर मात्र घन इंधनाची जाटो रॉकेटं होती. मेक्सिको सिटी २२४० मीटर उंचीवर, आपल्या पन्हाळ्याच्या दुपटीहून जास्त. तिथं तीनपैकी एक इंजिन ऐन उड्डाणात बंद पडलं तर? विमान एका ठरावीक वेगापुढं गेलं की पायलटला थांबता येत नाही, पुढची धावपट्टी पुरत नाही. मामासारखंच, थांबलो तर संपलं. तेव्हा पेटवायचं रॉकेट. लक्षात घ्या, रोज पेटवायचं नाही, इंजिन गेलं तरच. घन इंधनाचं रॉकेट म्हणजे दिवाळीतला बाण, वात पेटली की विझवता येत नाही. असली वस्तू पोटाशी घेऊन रोज उडायचं आणि ती वापरायची वेळ येऊ नये म्हणून प्रार्थना करायची. पुढं इंजिनंच जोरकस झाली आणि हा खटाटोप मागं पडला.

आम्ही वर पोचलो ते तासाभरानं, एका पायात चप्पल घालून. मंडळी देवळाच्या पायरीवर नारळाची शकलं खात बसलेली. मामा हसत होता. आजीनं आमच्याकडं पाहिलं, आमच्या कपाळाला गुलाल लावला आणि मामाला म्हणाली, "खेटा झाला तो ह्या तिघांचा. तुम्ही समदे पुढल्या रविवारी परत या. चालत."