तक्रार करायची कोणी?

मंडळी, समजा एका सुपरमार्केट साखळीने कळवलं की येत्या आठवड्यात कडक ऊन पडणार, सॅलडची पानं दुप्पट लागतील. पहाटे कापणी झाली, पानं धुऊन साखळीचंच नाव छापलेल्या पिशव्यांत भरली गेली. नेमका पाऊस लागला आणि ऑर्डर निम्म्यावर आली. उरलेल्या पिशव्या दुसऱ्या कुणाला विकणार? नाव तर भलत्याचंच! तोटा कोणी सोसायचा, हा आजचा विषय.

ब्रिटनमध्ये 2008 साली स्पर्धा आयोगाने किराणा बाजाराची चौकशी पूर्ण केली, तेव्हा दुखणं हेच निघालं. अनपेक्षित खर्च आणि जोखीम बड्या साखळ्या पुरवठादाराच्या गळ्यात मारत होत्या. साखळ्यांनी पुरवठादारांशी कसं वागायचं याची संहिता तर त्याआधी, 2002 पासूनच होती. पण तक्रारी जवळजवळ आल्याच नाहीत. येणार कशा? ज्याच्या जिवावर धंदा, त्याच्याशी वैर कोण घेणार?

नवी संहिता फेब्रुवारी 2010 मध्ये लागू झाली आणि 2013 च्या कायद्याने ती पाळली जाते का हे बघायला एक पंच बसवला. पहिल्या पंच क्रिस्टीन टेकन. वर्षाला 1 अब्ज पौंडांहून जास्त किराणा विकणाऱ्या, यादीत नोंदलेल्या साखळ्याच या संहितेखाली येतात आणि पंचाचा खर्चही त्यांच्याकडूनच वसूल होतो. पुरवठादाराला पुरेशी आगाऊ सूचना न देता साखळीच्या खरेदीतून काढून टाकता येत नाही, दुकानातली चोरी-गळती त्याच्या बिलातून कापता येत नाही. अंदाज चुकला तर भरपाई द्यायची. मात्र इथे पळवाट आहे: अंदाज प्रामाणिकपणे, नीट काळजी घेऊन आणि पुरवठादाराशी बोलून केला असेल, तर साखळी सुटते. आणि दर किती द्यायचा, यात पंच पडतच नाही. मला विचाराल तर सगळ्यात मोलाचं कलम गुप्ततेचं आहे. तक्रारदाराच्या संमतीशिवाय तो ओळखू येईल असं काहीही पंच उघड करू शकत नाही.

2016 च्या जानेवारीत टेस्को या सुपरमार्केट साखळीवरचा पंचाचा अहवाल आला. पुरवठादारांचे पैसे देण्यात विनाकारण विलंब झाला होता. एकाची चुकीने कापलेली रक्कम काही दशलक्ष पौंडांची होती आणि ती परत मिळायला वर्षाहून जास्त काळ गेला. दंड मात्र शून्य! दंडाचा अधिकार 2015 मध्ये मिळाला होता आणि हे प्रकार त्याआधीचे होते. आता ब्रिटनमधल्या उलाढालीच्या 1 टक्क्यापर्यंत दंड होऊ शकतो. एवढा आकडा पुढ्यात असला की साखळीचे खरेदी अधिकारी आपोआप नम्र होतात, बरं का.

पण शेतकरी यात कुठे आहे? संहिता थेट पुरवठादारापुरती. गोठेवाला दूध डेअरीला विकतो, डेअरी साखळीला. साखळीने डेअरीला पिळलं की डेअरी गोठेवाल्याला पिळते, आणि पंचाच्या दारात उभं राहायचा हक्क डेअरीला, गोठेवाल्याला नाही. ही फट बुजवायला 2020 च्या कृषी कायद्याचा आधार घेऊन 2024 मध्ये दुधाच्या करारांचे नियम आले. दर कसा ठरला ते करारात लिहावं लागतं आणि डेअरीला करार एकतर्फी बदलता येत नाही. त्यासाठी वेगळा पंच नेमला आहे. तिथेही तक्रार घेऊन जायचं ते आपल्याच डेअरीविरुद्ध, आणि दूध रोज निघतं, उद्याचं दूध घालायचं त्याच डेअरीला.