कुसळ, मुसळ आणि फुंकर

श्रोतेहो, नमस्कार.

दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, पण स्वतःच्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, असे आपण घरोघरी म्हणतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशूच्या तोंडी हाच दृष्टांत आहे. मूळ ग्रीक वचनात मुसळ नाही, घराची तुळई आहे. परंतु मराठी अनुवादकांनी कुसळाशेजारी मुसळच ठेवले आणि ते चपखल बसले.

म्हण मात्र जिथे थांबते, तिथे येशू थांबत नाही. आधी स्वतःच्या डोळ्यातले मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातले कुसळ काढायला तुला स्पष्ट दिसेल, असे तो पाचव्या वचनात सांगतो. म्हणजे कुसळ आहे, ते खुपते आहे आणि ते निघायलाही हवे. निफाडकडे खळ्यावर ज्यांनी गहू मळला आहे, त्यांना ठाऊक असेल की डोळा चोळल्याने कुसळ अधिकच रुतते. घरातली आजी पापणी अलगद उलटून पदराच्या टोकाने ते टिपत असे, फुंकर घालत असे, आणि ‘डोळे कुठे होते तुझे?’ हा प्रश्न निदान कुसळ निघेपर्यंत तरी विचारत नसे.

नाशिकमधल्या आपल्या शरणपूरचा इतिहास या संदर्भात मला वारंवार आठवतो. एकोणिसाव्या शतकात, गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना तिथल्या मिशनने आसरा आणि शिक्षण दिले. त्यांतले काही तरुण १८६६ मध्ये स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्याबरोबर आफ्रिकेच्या प्रवासाला गेले, आणि त्यांच्याविषयीच्या कडवट तक्रारी लिव्हिंग्स्टन यांच्या रोजनिशीत आहेत. त्या सर्वस्वी खोट्या होत्या, असे मी म्हणणार नाही. पुढे १८७२ मध्ये लिव्हिंग्स्टन यांच्या मदतीसाठी गेलेल्या तुकडीत शरणपूरलाच शिकलेला जेकब वेनराइट होता. १ मे १८७३ च्या सुमारास लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हा सोबत्यांनी त्यांचे हृदय एका झाडाखाली पुरले, दफनविधीची प्रार्थना जेकबने वाचली, आणि त्या सर्वांनी तो देह कित्येक महिने पायपीट करून समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून नेला. पहिल्या तक्रारींवरूनच शरणपूरच्या सगळ्या मुलांचे माप काढले गेले असते, तर जेकबला कोणी बोलावलेही नसते.

आता माझ्याच डोळ्यातल्या मुसळाविषयी बोलतो. आमच्या मंडळीच्या समितीपुढे एका कुटुंबाच्या मदतीचा अर्ज आला होता. ‘पैसे दारूत जातील,’ असे मी ठामपणे बजावले. मदत दिली गेली आणि पैसे दारूतच गेले. माझा अंदाज खरा ठरला, आणि त्याचे मला किंचित समाधानही वाटले, हे आज सांगताना लाज वाटते. कारण त्या घरातल्या मुलीची शाळेची फी तशीच थकलेली होती, आणि माझ्या अचूक अंदाजाने त्यातला एक रुपयाही फिटणार नव्हता. ‘जसा तुमचा पिता दयाळू आहे तसे तुम्ही दयाळू व्हा’ हे लूकच्या शुभवर्तमानातले वचन ‘दोष काढू नका’ या आज्ञेच्या अगदी आधी येते. समोरचा निर्दोष ठरल्यावरच दया करा, अशी अट त्यात कुठेच नाही.

पुढच्या महिन्यात आम्ही फी थेट शाळेत भरली. त्या घरातल्या गृहस्थांना मात्र रविवारच्या उपासनेनंतर चहाला थांबा, असे मी अजून म्हटलेले नाही.