लॉन बोल्स: हा खेळ चालवतं कोण?

आत्ता स्क्रीनवर जो छोटा पिवळा बॉल दिसतोय ना तो जॅक, आणि हे दीड किलोच्या आसपासचे मोठे बॉल गडगडत नेऊन त्याच्या जास्तीत जास्त जवळ थांबवायचे, एवढाच खेळ. पण बॉलला बायस असतो, म्हणजे घडणच अशी की वेग कमी झाला की तो एका बाजूला वळत जातो, त्यामुळे सरळ टाकून भागत नाही आणि कुठल्याही ग्राउंडवर हे शिकताही येत नाही. त्याला ग्रीन लागतं, एकदम सपाट, बारीक कापलेलं गवत, लांबीला 31 ते 40 मीटर.

आता कारभार. कोल्हापुरात फुटबॉलची उतरंड पोरासोरांनाही पाठ आहे, तालमीनं, म्हणजे इथल्या क्लबनं, खेळाडूची नोंदणी केएसएकडं (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) करायची, तिच्यावर विफा (वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन), विफाच्या वर देशाची संघटना एआयएफएफ, तिथनं फिफा. बोल्सचंही तसंच, जगात वर्ल्ड बोल्स, देशात बोलिंग फेडरेशन ऑफ इंडिया, तिच्याखाली राज्य संघटना. राज्याची टीम नॅशनल खेळते, चांगले खेळाडू ट्रायल आणि कॅम्पला जातात. फेडरेशनला केंद्र पातळीवरची सरकारी मान्यता लागते आणि ही मान्यता लय महत्त्वाची, कारण कॅम्पचा, परदेश दौऱ्याचा सरकारी पैसा तिच्यामुळंच येतो. 2025 च्या क्रीडा प्रशासन कायद्यानं तर राष्ट्रीय फेडरेशनच्या कार्यकारिणीत जास्तीत जास्त 15 जण, त्यात किमान 4 महिला आणि 2 नामवंत खेळाडू हवेत असं ठरवलंय. हे फार बरं झालं.

कारण या खेळात देशाला कॉमनवेल्थचं पहिलं मेडल बायकांनीच दिलंय. 2 ऑगस्ट 2022, बर्मिंगहॅम, कॉमनवेल्थची फोर्स (चौघींच्या टीमची) फायनल, दक्षिण आफ्रिकेला 17-10 नं हरवून गोल्ड. लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि स्किप, म्हणजे कॅप्टन, रूपा राणी तिर्की. झारखंड, दिल्ली, आसाम आणि परत झारखंड.

हीच राज्यं का? जिथं ग्रीन झालं तिथं खेळाडू झाले. दिल्लीत 2010 च्या कॉमनवेल्थसाठी, रांचीत 2011 च्या नॅशनल गेम्ससाठी ग्रीन झालं, गुवाहाटीतही आहे. स्पर्धा संपली, पाहुणे गेले, गवत राहिलं आणि त्यावर पोरी घडल्या. फेडरेशन कितीही नीट चालवा, ट्रायल कितीही पारदर्शक घ्या, ज्या जिल्ह्यात ग्रीनच नाही तिथनं त्या ट्रायलला जाणार कोण?

आणि हे चौघींचं बघा, नयनमोनी आधी वेटलिफ्टिंग करायच्या, रूपा राणी कबड्डी खेळायच्या, लव्हली धावायच्या. असे खेळाडू आपल्याकडं कमी आहेत का? आपल्याच जिल्ह्यातल्या कुरुंदवाडच्या ओंकार ओतारी आणि चंद्रकांत माळींनी 2014 ला ग्लासगोत वेटलिफ्टिंगचं ब्राँझ उचललंय, कबड्डीच्या पोरी तर गावागावात आहेत, दुखापतीनं कुणाचा खेळ सुटला तर पुढं काय, याचं उत्तर इथं मिळू शकतं.

2030 चे कॉमनवेल्थ गेम्स अहमदाबादला आहेत. तोपर्यंत इथली एखादी पोरगी ट्रायलला उभी करायची असेल तर ग्रीन आत्ता पाहिजे, आणि ती मागणी खालनंच वर गेली पाहिजे, आधी जिल्ह्याच्या क्रीडा कार्यालयात, राज्य संघटनेकडं, मग फेडरेशनकडं. पहिली जागा म्हणून आम्ही कोल्हापुरातल्या रेसकोर्सवरच्या विभागीय क्रीडा संकुलाचं नाव सुचवतोय.