हृदय थांबल्यानंतरची किडनी

[दृश्य : डायलिसिसची खोली. रक्ताने भरलेल्या नळ्या, सावकाश फिरणारा पंप.]

हा पंप अजून चार तास असाच फिरणार. आठवड्यातून दोनदा, कुणाचा तीनदा. गोव्यात काणकोण तालुक्यात अशी माणसं बरीच आहेत, ज्यांना ना मधुमेह, ना रक्तदाब, तरी किडन्या गेल्या. कारणाचा शोध वर्षानुवर्षं चाललाय.

ज्या किडनीची ही माणसं वाट पाहतात, ती बहुतेकदा घरातूनच येते. आई देते, बायको देते. नाहीतर मेंदूमृत, म्हणजे मेंदू कायमचा बंद पडलेल्या दात्याकडून. तिसरी एक वाट आहे, तिच्याबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही : हृदय बंद पडून मृत्यू आल्यानंतरचं अवयवदान.

तशी ही वाट जुनीच. मेंदूमृत्यूचे हार्वर्डचे निकष आले १९६८ साली. त्याआधी मृतांच्या किडन्या बहुधा हृदय थांबल्यावरच काढल्या जात. नंतर मेंदूमृत दाते मिळू लागले आणि या वाटेवर झाडी वाढली.

[दृश्य : मॉनिटरवरची रेघ. आकडे उतरताहेत.]

मेंदूमृत माणसाचं हृदय शेवटपर्यंत धडधडत असतं, त्यामुळे अवयवांना रक्त मिळत राहतं. इथे तसं नाही. उपचारांचा उपयोग उरलेला नाही, हे डॉक्टर आणि घरचे मिळून ठरवतात. व्हेंटिलेटर काढला जातो. रक्तदाब उतरत जातो, श्वास थांबतो, मग हृदय. त्यानंतर काही मिनिटं कुणीही हात लावायचा नाही. बऱ्याच देशांत ही मिनिटं पाच, इटलीत मात्र वीस. तेवढा वेळ अवयव शरीरात ऊबदारच असतो, पण रक्ताविना. डॉक्टर याला वॉर्म इस्किमिया म्हणतात. पुढचं सगळं या मिनिटांवर ठरतं.

[दृश्य : ऑपरेशन थिएटर. बर्फातून काढलेली किडनी.]

बर्फातून आलेली किडनी फिकट, राखाडी दिसते. रक्तवाहिन्या जोडून चिमटा सुटला की क्षणात गुलाबी होते. सगळे बघत असतात ते मात्र मूत्रनलिकेकडे. थेंब आला का?

या दात्यांच्या किडनीत तो थेंब पुष्कळदा उशिरा येतो. साधारण निम्म्या रुग्णांना ऑपरेशननंतरही काही दिवस डायलिसिस घ्यावं लागतं. खाटेला टांगलेली लघवीची पिशवी रिकामी, आणि नातेवाईक तासातासाला वाकून तिच्यावरच्या रेघा बघणार. ऑपरेशन फसलं असं वाटणारच. पण बहुतेकदा ते फसलेलं नसतं. ब्रिटनमधल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात पहिल्यांदाच प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांकडे पाहिलं, तर पाच वर्षांनी या दात्यांच्या आणि मेंदूमृत दात्यांच्या किडन्या जवळपास सारख्याच टिकल्या होत्या.

यकृत तेवढं सोशीक नाही. त्याच्या पित्तनलिका नाजूक. रक्त तुटलं की त्या आतून झिजतात आणि काही महिन्यांनी कावीळ डोकं वर काढते. कधी दुसरं यकृत शोधायची पाळी येते. म्हणूनच आता काही देशांत दात्याच्या पोटातल्या अवयवांना यंत्राने पुन्हा रक्त पुरवून मगच यकृत काढतात. त्याने हा त्रास बराच घटला आहे.

हृदयाचं मला स्वतःला नवल वाटतं. थांबलेलं हृदय दुसऱ्याच्या छातीत चालेल? सिडनीत २०१४ साली ते चाललं. अमेरिकेतल्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले : सहा महिन्यांनी अशी हृदयं मिळालेले ९४ टक्के रुग्ण हयात होते, मेंदूमृत दात्यांची हृदयं मिळालेले ९० टक्के. सुरुवातीच्या दिवसांत मात्र नव्या हृदयाचा जोर कमी पडण्याचं प्रमाण थांबलेली हृदयं मिळालेल्यांत जास्त होतं.

[दृश्य : बांबोळी, गोमेकॉचा म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचा परिसर. मग पर्वरी, उच्च न्यायालय.]

भारतात चंदीगडच्या पीजीआय रुग्णालयाने अशा दात्यांच्या किडन्या बसवल्या आहेत. कायद्याची आडकाठी नाही. १९९४ चा अवयव प्रत्यारोपण कायदा सर्वांत आधी ज्या तीन राज्यांना लागू झाला, त्यांत महाराष्ट्र आणि हिमाचलबरोबर आपला गोवा होता. त्यात मृत्यू दोन्ही तऱ्हांनी मानलेला आहे, मेंदूचा आणि हृदय-श्वासाचाही.

घोडं अडतं त्याच्या अलीकडे, व्हेंटिलेटर काढायचा की नाही यावर. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये परवानगी दिली, २०२३ मध्ये किचकट अटी सैल केल्या. आणि २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे तेव्हाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी इथे गोव्यात स्वतःचं वैद्यकीय इच्छापत्र नोंदवलं, म्हणजे आपल्याला सांगता येणार नाही अशा वेळी कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवलं.

[दृश्य : आयसीयूबाहेरची बाकं. कुणाच्या तरी चपला.]

या बाकांवर दोन प्रश्न विचारावे लागतात. पहिला, उपचार थांबवायचे का? दुसरा, अवयव द्याल का? त्यांची अदलाबदल चालत नाही, आणि दोन्ही प्रश्न एकाच तोंडून येऊन चालत नाहीत. उपचार करणारे डॉक्टर वेगळे, प्रत्यारोपणाचे वेगळे. नाहीतर किडनीसाठीच आमच्या माणसाला सोडलं, असं घरच्यांना वाटेल. तसं वाटलं तर त्यांचं काय चुकलं?

[दृश्य : पुन्हा डायलिसिसची खोली. पंप थांबतो.]

"काका, कापूस दाबून धरा हां. दहा मिनिटं."

काका दाबून धरतात. दुसऱ्या हाताने पिशवी चाचपतात, बसचे सुटे पैसे काढतात. पुढची पाळी शुक्रवारी.