घरच्या बागेतले नॅस्टर्शियम

श्रोतेहो, नमस्कार. पाऊस ओसरला की रोपवाटिकांमध्ये हंगामी फुलझाडांचे ट्रे मांडले जातात आणि झेंडू, पिटुनिया, डायन्थस यांची तयार रोपे हातोहात खपतात. नॅस्टर्शियमचे रोप मात्र त्या ट्रेमधून आणू नये, असे माझे मत आहे. ज्यांना हे फूल हवे असेल त्यांनी बी आणावे आणि जिथे झाड वाढवायचे आहे तिथेच ते टोकावे. कारण याची मुळे हलवलेली याला सोसत नाहीत, रोप बरेच दिवस रुसून बसते, आणि आपल्याकडे थंडीचे दिवस आधीच मोजके असतात.

हे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीतले, पेरू आणि आसपासच्या प्रदेशातले. सतराव्या शतकाच्या अखेरीस ते युरोपातील बागांमध्ये पोचले. डोंगरातील गार हवेची सवय असल्यामुळे पुणे-नाशिककडे ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत, तर मुंबई आणि कोकणपट्टीत नोव्हेंबर लागल्यावर बी टोकणे सोयीचे ठरते. दोन ते अडीच महिन्यांत फुले येऊ लागतात आणि मार्चचे ऊन तापले की झाडाचा कारभार आटोपतो. म्हणजे पेरणीला उशीर झाला, तर तेवढे दिवस फुलांमधूनच वजा होतात.

बी चांगले हरभऱ्याएवढे, फिकट तपकिरी आणि सुरकुतलेले असते. त्याचे साल जाड असल्यामुळे ते रात्रभर साध्या पाण्यात भिजत घालावे. त्याहून जास्त वेळ ठेवल्यास ते कुजण्याची भीती असते. सकाळी दहा इंची कुंडीत दोन-तीन बिया अंतर राखून, सुमारे दीड सेंटीमीटर खोल टोकाव्यात आणि वर माती नीट सारखी करावी, कारण उगवणीसाठी या बियांना अंधार लागतो. माती ओलसर राहील इतकेच पाणी द्यावे. आठवड्या-दोन आठवड्यांत कोंब वर येतो. याची बीजपत्रे मातीखालीच राहतात, त्यामुळे आधी दोन जाडसर बीजदले आणि मग खरी पाने हा नेहमीचा क्रम इथे दिसत नाही. वर येते ती थेट गोल पानांची जोडी. तोवर आत काय चालले आहे ते पाहण्यासाठी बोटाने माती उकरण्याचा मोह आवरावा.

यापुढे या झाडाचे नुकसान होते ते बहुधा आपल्या हौसेने. भरपूर शेणखत, आठवड्याला गांडूळखत, वरून युरिया असा पाहुणचार केला की पाने तळहाताएवढी होतात आणि फुले त्यांच्याखाली शोधावी लागतात. पाण्याचा चांगला निचरा होणारी साधी माती, त्यात मूठभर जुने शेणखत आणि पाच-सहा तासांचे ऊन एवढे त्याला पुरते. वेलीच्या जातीला आधार देताना जाड काठी उपयोगी पडत नाही, कारण हा वेल पानांच्या देठांनी विळखा घालत चढतो. त्याला सुतळी किंवा बारीक तार हवी. छोट्या गॅलरीत बुटक्या जाती बऱ्या. गडद पानांची आणि लालभडक फुलांची ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ ही त्यांतली जुनी, नावाजलेली जात आहे.

पहाटे पानांच्या कडेवर, प्रत्येक शिरेच्या टोकाशी, पाण्याचा एकेक थेंब उभा असतो. तो दवाचा नसून मुळांनी रात्रभर ओढलेल्या पाण्यापैकी जास्तीचे पाणी पानाने बाहेर टाकलेले असते. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांची कन्या एलिझाबेथ हिला तर संधिप्रकाशात ही फुले लखलखताना दिसली आणि तिने 1762 मध्ये त्यावर टिपण प्रसिद्ध केले. ती चमक फुलांची नसून अंधूक उजेडात आपल्या डोळ्यांना होणारा भास आहे, हे पुढे स्पष्ट झाले. तरी केशरी फुले तिन्हीसांजेला एकदा निरखून पाहावीत.

पानांवर पांढऱ्या नागमोडी रेघा दिसल्या तर ती नागअळी समजावी आणि तेवढी पाने खुडून टाकावीत. कोवळ्या शेंड्यांवर मावा आल्यास पाण्याचा जोरदार फवारा मारावा किंवा निंबोळी अर्क वापरावा. रासायनिक कीटकनाशक शक्यतो टाळावे, कारण याची पाने आणि फुले खाण्याजोगी असतात. चव मोहरी-मुळ्याच्या वळणाची, झणझणीत असते. काकडीच्या कोशिंबिरीत कोवळे पान चिरून घातल्यास मिरची कमी लागते.

फूल गळाल्यावर देठावर तीन-तीन हिरव्या बिया एकत्र धरतात. कोवळ्या असताना त्या व्हिनेगरमध्ये मुरवून खातात. पुढच्या हंगामासाठी हव्या असतील तर मात्र त्या फिकट होऊन आपोआप सुटेपर्यंत थांबावे, सावलीत पुरत्या वाळवाव्यात आणि कागदी पाकिटात ठेवाव्यात. दुकानातून आणलेले पेरणीचे बी मात्र कधीही खाऊ नये, कारण त्याला बहुधा औषध चोळलेले असते.