दुसऱ्यांचं गणित छापणारा गणितज्ञ

स्वीडिश गणितज्ञ योस्ता मिटाग-लेफ्लर यांचं नाव निघालं की एक चटकदार किस्सा हमखास येतो: त्यांचं आणि आल्फ्रेड नोबेल यांचं एका बाईवरून बिनसलं, म्हणून गणिताला नोबेल नाही. याला पुरावा काडीचाही नाही. त्यांची खरी गोष्ट याहून कितीतरी रंगतदार आहे.

जन्म १८४६, स्टॉकहोम. उप्सालाहून डॉक्टरेट घेऊन ते १८७३ मध्ये पॅरिसला फ्रेंच गणितज्ञ शार्ल एर्मित यांच्याकडे शिकायला गेले. एर्मित म्हणाले, बर्लिनला जर्मन गणितज्ञ वायरस्ट्रास यांच्याकडे जा. फ्रान्स जर्मनांशी युद्ध हरून तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती!

फ्रेंच आणि जर्मन अशी विभागलेली दोन गणितं एकत्र आणणारं नियतकालिक त्यांनी १८८२ मध्ये सुरू केलं: 'आक्टा मॅथेमॅटिका'. तोवर ते स्टॉकहोमच्या नव्या उच्च शिक्षण संस्थेत प्राध्यापक झाले होते. युरोपात कुठंही जागा न मिळालेल्या रशियन गणितज्ञ सोफिया कोवालेव्हस्काया यांना त्यांनीच तिथं आणलं. १८८९ मध्ये त्या पूर्ण प्राध्यापक झाल्या.

त्याच वर्षी स्वीडनचा राजा दुसरा ऑस्कर साठ वर्षांचा झाला. त्यानिमित्त ठेवलेली गणितस्पर्धा फ्रेंच गणितज्ञ आंरी प्वांकारे यांनी जिंकली. सूर्य, पृथ्वी, चंद्र असे तीन गोल एकमेकांना ओढत फिरतात, तर पुढं त्यांचं काय होईल, हा त्यांचा विषय. बक्षीस २५०० क्रोनर. निबंध 'आक्टा'त छापायला गेला. संपादनाला बसलेल्या तरुण फ्राग्मेननं काही जागी शंका काढल्या. त्या निरसताना प्वांकारे यांना दुसरीकडेच आपली मोठी चूक सापडली.

अंक छापून झाला होता, काही प्रती वाटल्याही होत्या. मिटाग-लेफ्लर यांनी पत्रं धाडून त्या गुपचूप परत मागवल्या. राजाची, परीक्षकांची आणि नियतकालिकाची अब्रू पणाला लागली होती. हे वागणं सरळ होतं असं मात्र म्हणवत नाही. छपाईचा भुर्दंड प्वांकारे यांच्या माथी आला: बक्षिसापेक्षा हजारावर क्रोनर जास्त. पण ती चूक दुरुस्त करताना त्यांच्या हाती जे लागलं, त्यातूनच पुढं 'केऑस'चं, म्हणजे सुरुवातीच्या किंचित फरकानं पुढचं सगळं कसं बदलतं याचं, गणित उभं राहिलं.

१९०३ च्या नोबेलसाठी मेरी क्युरींचं नाव डावललं जातंय, हे पिएर क्युरींना कळवणारेही मिटाग-लेफ्लरच. १९१६ मध्ये पत्नी सिग्ने आणि त्यांनी स्टॉकहोमजवळच्या यूर्सहोमचं घर व ग्रंथसंग्रह एक गणित-संस्था उभारण्यासाठी देऊन टाकला. मात्र महायुद्धानंतर त्यांची संपत्ती आटली. १९२७ मध्ये ते वारले; संस्थेचं काम खऱ्या अर्थानं सुरू व्हायला १९६९ उजाडलं.