खली जिंकला, मोठा कोण झाला?

(सांगलीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

आधी एक मतदान घेऊ. २००६ च्या मे महिन्यात आपल्या खलीनं, म्हणजे हिमाचलच्या दलीपसिंग राणानं, अमेरिकेतल्या व्यावसायिक रेसलिंगमध्ये अंडरटेकरला पाडलं. रेफ्रीनं तीन मोजले, घंटा वाजली, वादाला जागाच नाही. तर खली हा अंडरटेकरपेक्षा मोठा पैलवान, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. एकच हात दिसतोय, आणि तो पोरगाही हसतोय.

आता हे तुम्ही कशावरून ठरवलंत? पाडतो तो मोठा, हे या जिल्ह्यात कुणाला शिकवावं लागत नाही. कुंडलच्या मैदानात पाठ मातीला लागली की विषय संपला. आणि इथं तुम्ही सगळे पडलेल्याच्या बाजूनं उभे आहात. माझ्या मते बरोबर बाजूला उभे आहात. पण कशाच्या जोरावर, हे आपण कधी नीट बोलत नाही. कट्ट्यावर वाद रंगतात, आवाज चढतात, शेवटी कोणीतरी “तुला काय कळतंय रे त्यातलं” म्हणतो आणि सभा बरखास्त होते.

आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्यांना पहिलं माप मिळालं ते रेसलिंगच्या ट्रम्प कार्डांतून. दप्तरात पुस्तकं कमी आणि हे पत्ते जास्त. पत्त्यावर फोटो, खाली रँक, उंची, वजन, छाती, बायसेप्स, लढलेल्या फाइट्स, जिंकलेल्या फाइट्स. एकानं “छाती” म्हणायचं, दोघांनी आकडे वाचायचे, मोठा आकडा पत्ता घेऊन जाणार. त्या खेळात सहा फुटी ब्रेट हार्ट हातात आला की तोंड पडायचं आणि एखादा धिप्पाड आला की चेहरा खुलायचा. भाबडं होतं सगळं, पण त्यामागचा विश्वास पक्का होता: जिंकलेल्या फाइट्स खरोखर जिंकलेल्या आहेत.

तिकडं अमेरिकेत ती झाकली मूठ डब्ल्यूडब्ल्यूएफ, म्हणजे आजची डब्ल्यूडब्ल्यूई, या रेसलिंग कंपनीनंच उघडली होती. १९८९ च्या फेब्रुवारीत न्यू जर्सी राज्यात त्यांनी सांगून टाकलं, की आमचा कार्यक्रम म्हणजे करमणूक, स्पर्धा नव्हे. प्रामाणिकपणाचा झटका वगैरे आला नव्हता. खेळ म्हटलं की सरकारी क्रीडा आयोगाचे नियम आले, डॉक्टरी तपासण्या आल्या, कर आला. करमणूक म्हटलं की ते सगळं टळतं.

आपल्याकडं कुस्ती नुरा, म्हणजे आधीच ठरवून केलेली, आहे असा नुसता वास आला, तरी पुढच्या रांगेतले फेटेवाले उठून उभे राहतात. मग जो खेळ उघड उघड ठरवून होतो, त्यातला थोर कोण हे ठरवायचं तरी कसं?

काहीजण पट्टे, म्हणजे जगज्जेतेपदं, मोजतात. रिक फ्लेअरच्या नावावर सोळा जागतिक किताब, जॉन सीनानं एप्रिल २०२५ मध्ये सतरावा घेतला, म्हणून सीना मोठा. या हिशोबात खलीही जगज्जेता, कारण २००७ साली त्याच्याकडं तो पट्टा होता. आणि रॉडी पायपर? ज्याच्या तोंडाच्या जोरावर पहिल्या रेसलमेनियाची, म्हणजे कंपनीच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमाची, तिकिटं खपली, तो पायपर कधीच जगज्जेता झाला नाही. पट्टा कुणाकडं जायचा हे कचेरीत ठरतं.

अर्थात कचेरी पट्टा उगाच कुणाला देत नाही, हेही खरं. ब्रुनो सॅमार्टिनोकडं १९६३ ते १९७१ अशी जवळजवळ पावणेआठ वर्षं सलग पट्टा ठेवला, कारण न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन तो भरत होता. तिथं पट्ट्यानं ताकद सांगितली नाही, गल्ला सांगितला. अंडरटेकरचंही तसंच. रेसलमेनियातले त्याचे एकवीस विजय कागदावर लिहिलेले होते, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. तरी २०१४ साली ब्रॉक लेस्नरनं त्याला पाडलं तेव्हा पाऊण लाखांच्या आसपासचा तो जमाव सुन्न झाला. वर्षानुवर्षं सांभाळलेली गोष्ट तुटली की माणसाला लागतं, मग ती ठरवून का तोडलेली असेना.

इथं जरा मागं जाऊ, कारण ही सगळी ठरवाठरवी आली कुठून हे कळल्याशिवाय पुढचं पटणार नाही. १९१० साली आपला गामा लंडनला गेला. शेफर्ड्स बुशच्या मैदानात त्याची गाठ पोलंडच्या झ्बिश्कोशी पडली. झ्बिश्कोनं ओळखलं की उभ्यानं आपला निभाव लागत नाही, आणि तो पोटावर पालथा पडून राहिला. अडीच तासांहून जास्त! निकाल नाही. आठवड्यानं पुन्हा लढत ठरली, तर हा गडी फिरकलाच नाही. १९२८ साली पतियाळ्यात दोघं परत भेटले, तेव्हा गामानं त्याला एका मिनिटाच्या आत चीत केलं. आपल्याला या गोष्टीचा अभिमान वाटतो, आणि वाटावाच. पण लंडनच्या तिकीटवाल्याच्या जागी बसून बघा. अडीच तास एक माणूस पालथा आणि दुसरा त्याच्यावर ओणवा! खरी कुस्ती अशीही होते, हे मैदानात तासभर खडाखडी बघितलेल्या इथल्या शौकिनांना सांगायला नको.

अमेरिकेत १९२० च्या दशकात एड ‘स्ट्रँगलर’ लुईस, त्याचा व्यवस्थापक बिली सँडो आणि टूट्स माँट या तिघांनी त्यावर उपाय काढला. वेळेची मर्यादा, झटपट डाव, उचलाउचल, आणि निकाल आधीच ठरलेला. तेव्हापासून गामा एका यादीत आणि बाकीचे दुसऱ्या. दोन्ही याद्यांत सन्मानानं बसेल असा आपल्याकडचा माणूस म्हणजे दारासिंग. आखाड्यात घडलेला, पण नाव आणि पैसा व्यावसायिक रेसलिंगवर मिळवलेला. किंगकाँग नावाच्या अगडबंब पैलवानाबरोबरच्या त्याच्या लढतींनी मुंबई वेडी केली, आणि १९६८ साली मुंबईतच त्यानं अमेरिकेच्या नामांकित लू थेझला हरवलं.

गामा, खाशाबा, मारुती माने यांची मोजणी सोपी आहे. गोळेश्वरचे खाशाबा १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले, १९५२ ला हेलसिंकीत कांस्य घेऊन आले. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कवठेपिरानच्या मानेंनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य घेतलं. पुनवतच्या गणपतराव आंदळकरांनी त्यांच्या गटात ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य. एकाच स्पर्धेत, एकाच जिल्ह्यातल्या दोघांनी! इथं समोरच्याची मर्जी लागत नाही.

व्यावसायिक रेसलिंगमध्ये मात्र समोरच्याच्या मर्जीशिवाय पानही हलत नाही. म्हणून माझं माप असं आहे: पैलवानाकडं बघूच नका, त्याच्या समोरच्याकडं बघा. हा भिडला तेव्हा समोरचा होता त्यापेक्षा मोठा दिसला का?

१९८७ चा रेसलमेनिया घ्या. पाँटियाकचं प्रचंड स्टेडियम. कंपनी ९३,१७३ प्रेक्षक सांगते, त्या आकड्यावर जाणकार आजही भांडतात, पण गर्दी अफाट होती. हल्क होगननं आंद्रे द जायंटला उचलून आपटलं. कंपनीनं जाहीर केलेलं वजन ५२० पौंड, म्हणजे २३५ किलोच्या वर. होगनचं नाव त्या एका उचलीनं अमर झालं. आता मला सांगा, तेवढ्या वजनाचा माणूस अंग टाकून उभा राहिला तर त्याला कोण उचलणार? आंद्रेची पाठ त्या वेळी पुरती गेलेली होती, शस्त्रक्रिया झाली होती, पोशाखाच्या आत त्यानं पाठीला आधाराचा पट्टा आवळला होता. त्यानं ठरवलं की हा पोरगा मोठा व्हावा, आणि त्यानं स्वतःला उचलू दिलं. त्या रात्रीचे गुण मी आंद्रेला देतो. होगनचे चाहते माझ्यावर चिडतात. चिडू देत.

त्याच रात्री, त्याच रिंगणात रँडी सॅव्हेज आणि रिकी स्टीमबोट पंधरा मिनिटांपेक्षा कमी वेळ भिडले. सॅव्हेज हा भलताच काटेकोर गडी, एकेक डाव आधी लिहून घोकून ठेवणारा. कोण सुटतंय, कोण पडतंय, डोळ्याचं पातं लवायला फुरसत नाही. होगनची लढत सगळ्या जगाला आठवते, ही लढत रेसलिंग करणाऱ्यांना आठवते. पुढच्या पिढीतले कितीतरी पैलवान हीच बघून शिकले.

तरी माझं लाडकं उदाहरण मार्च १९९७ चं. शिकागोजवळ ब्रेट हार्ट आणि स्टीव्ह ऑस्टिन. ब्रेट नायक म्हणून आत आला, ऑस्टिन खलनायक म्हणून. ब्रेटनं शार्पशूटर हा पेच आवळला, ऑस्टिनचं तोंड रक्तानं माखलेलं, आणि तो “सोडतो” म्हणेना. शेवटी शुद्ध हरपली म्हणून पंचांनी लढत थांबवली. जिंकला ब्रेट. पण बाहेर जाताना शिव्या ब्रेटला आणि टाळ्या ऑस्टिनला. पात्रांची अदलाबदल, तीही लोकांच्या डोळ्यांदेखत, एक शब्द न बोलता! विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ज्या गावात मराठी नाटक उभं केलं, त्या गावाला याची किंमत कळायला हवी. पडलेला ऑस्टिन पुढं त्या धंद्यातला सगळ्यात मोठा माणूस झाला, आणि त्याला मोठं करणारा जिंकूनही मागं राहिला.

चोखंदळ चाहत्यांचं आणखी एक माप आहे, ताऱ्यांचं. डेव्ह मेल्टझर नावाचा अमेरिकी पत्रकार गेली कित्येक वर्षं लढतींना तारे देतो. पाच तारे म्हणजे कळस. जानेवारी २०१७ मध्ये टोकियोत ओकाडा आणि ओमेगा भिडले, आणि यानं सहा दिले! पाचपैकी सहा. परीक्षकाचं भान सुटलं की असं होतं. मला ती लढत आवडते, पण तारे गोळा करायची चटक लागली की लढती उंचावरून मानेवर पडण्याच्या शर्यती होतात. ही फुकाची काळजी नाही. जपानचा मित्सुहारू मिसावा, नव्वदच्या दशकातला तिथला सर्वोत्तम म्हणावा असा, जून २००९ मध्ये हिरोशिमात रिंगणातच एका उचलीनंतर मानेच्या मज्जारज्जूला इजा होऊन गेला. निकाल ठरलेला असतो, पडणं ठरलेलं असतं, पण पाठीखाली फळ्या असतात आणि फळ्यांखाली लोखंड. म्हणून मी समोरचा सुखरूप घरी गेला का, हेही मोजतो. कुणालाही गंभीर दुखापत केली नाही, याचा ब्रेट हार्टला पट्ट्यांपेक्षा जास्त अभिमान आहे. ते वाचल्यावर ट्रम्प कार्डातल्या त्या सहा फुटी पत्त्याची मला लाज वाटेनाशी झाली.

क्रिस बेन्वाचं नाव कोणीतरी काढणारच, म्हणून आधीच सांगतो. २००७ साली त्यानं बायको आणि सात वर्षांच्या मुलाचा खून केला आणि आत्महत्या केली. “पण रिंगणात तो कसला होता!” असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. माझ्या यादीत तो नाही.

यादी देशागणिक बदलते, हेही लक्षात ठेवा. मेक्सिकोत एल सांतो म्हणजे दैवत. चंदेरी मुखवटा त्यानं आयुष्यभर सांभाळला, पुरलाही मुखवट्यासकट. जपानमध्ये रिकिडोझान आणि इनोकी. हाच इनोकी १९७६ साली कराचीत गामाच्या घराण्यातल्या अक्रम पैलवानाशी भिडला. ठरलेलं काहीतरी बिनसलं, लढत खरी झाली, आणि त्यानं अक्रमचा हात असा पिरगाळला की ती थांबवावी लागली. त्या दिवशी इनोकी जिंकला खरा, पण माझ्या मापानं त्याला शून्य.

आता प्रश्न घेऊ.

(एका मुलीनं विचारलं, “सगळी पुरुषांचीच नावं का?”)

बरोबर पकडलंस, ताई. याच सांगलीत २०२३ साली महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली आणि आपल्याच प्रतीक्षा बागडीनं गदा घेतली. तिकडं २०१५ च्या फेब्रुवारीत चार बायकांची एक लढत टीव्हीवर अर्ध्या मिनिटात गुंडाळली, तेव्हा चाहत्यांनीच गदारोळ केला. २०१९ च्या रेसलमेनियात शेवटची, मानाची लढत बेकी लिंच, शार्लट फ्लेअर आणि रोंडा राउजी यांची झाली. ज्यांना मिनिटंच दिली नाहीत त्यांना जुन्या याद्यांत शोधून सापडणार कशा? पुढच्या पिढीची यादी तू कर.

(“मग तुमचा एक नंबर कोण?”)

रिक फ्लेअर. सोळा पट्टे होते म्हणून नाही. त्या काळी जगज्जेत्याचं कामच असं होतं, की आज या गावी, उद्या त्या गावी जायचं, तिथल्या स्थानिक पैलवानाशी तासभर लढायचं आणि लोकांना वाटायला लावायचं, की आपल्या गड्याचा पट्टा अगदी थोडक्यात हुकला. मग पट्टा घेऊन पुढच्या गावी. मागं राहिलेला गडी पुढं वर्षभर त्या एका रात्रीवर तिकिटं विकायचा. हे फ्लेअरइतकं कुणाला जमलं नाही. माणूस म्हणून तो फार नमुनेदार होता, त्यावर वेगळं व्याख्यान ठेवा.

(मागून एक ज्येष्ठ शौकीन: “आमच्या मैदानात आणला असता, तर किती वेळ टिकला असता?”)

आबा, एक पट काढला की संपला असता. पण तुमच्या पोरानं पट काढल्यावर तो असा काही कोलमडला असता, की पुढच्या वर्षी त्या पोराचं नाव पोस्टरवर एक नंबरच्या कुस्तीला छापलं असतं.

(“म्हणजे नुराच की!”)

हो आबा, नुराच.